पाण्याखालच्या नोंदी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात १९८४ सालची एक डायरी आहे. पुण्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होतो. कारखान्याचं आरोग्य रजिस्टर ऑफिसात असायचं. ही डायरी माझी स्वतःची, तपासलेल्या माणसांबद्दल चार ओळी टिपून ठेवायला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बॉयलर हाउसमधल्या एका कामगाराची नोंद आहे. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वर लेप द्यायचं काम, म्हणजे लॅगिंग, तो वीस वर्षं करत होता. जिना चढताना दम लागतो अशी त्याची तक्रार होती. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : ‘जुनाट ब्रॉंकायटिस. विडी बंद करण्याचा सल्ला. कामास फिट.’

या नोंदीकडे मी पुन्हा येणार आहे. आधी दुसऱ्या एका नोंदीबद्दल सांगतो, जिच्यामुळे ही डायरी मी खणातून बाहेर काढली.

निवृत्तीनंतर एका रात्री टीव्हीवर हॅरिसन फोर्डचा ‘के-१९’ हा २००२ सालचा इंग्रजी चित्रपट लागला होता. सोव्हिएत अणुपाणबुडीवर झालेल्या अपघाताची ती गोष्ट. चित्रपट असतो तसा होता. पण मूळ हकिगत काय म्हणून मी वाचायला बसलो आणि एका तपशिलाशी अडकलो. त्या पाणबुडीवरून वाचून आलेल्या खलाशांच्या वैद्यकीय कागदांवर किरणोत्साराने झालेला आजार असं लिहिलेलंच नव्हतं. तिथे होतं ‘अस्थेनो-व्हेजिटेटिव्ह सिंड्रोम’. सोप्या भाषेत, मज्जासंस्थेचा थकवा. ते शब्द वाचले आणि मला माझा ‘जुनाट ब्रॉंकायटिस’ आठवला. त्यानंतरची काही वर्षं मी अणुपाणबुड्या, त्या बांधणाऱ्या गोद्या आणि त्यांत राबणारी माणसं यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. मी नौदलाचा माणूस नाही. शस्त्रास्त्रांपेक्षा माझं लक्ष नोंदवह्यांवर राहिलं, आणि हा लेखही त्यांच्याबद्दलच आहे.

माणूस हीच मर्यादा

दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी ही खरं तर बुडी मारू शकणारी बोट होती. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले, आणि बॅटरी भरायची तर डिझेल इंजिनाला हवा हवी, म्हणून तिला वर यावंच लागे. अणुभट्टीने हे बंधन तोडलं. युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या उष्णतेला हवा लागत नाही. ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्रोटन इथल्या गोदीत बांधली गेली, जानेवारी १९५४ मध्ये तिचं जलावतरण झालं आणि १७ जानेवारी १९५५ रोजी ती अणुशक्तीवर प्रथमच निघाली. या सगळ्या उद्योगामागे ॲडमिरल हायमन रिकव्हर हा अत्यंत कडक, अनेकांना नकोसा वाटणारा अधिकारी होता.

इंधन आता वर्षानुवर्षं पुरणार होतं. मग पाणबुडीने वर कधी यायचं? जेव्हा माणसांचं अन्न संपेल किंवा माणसं थकतील तेव्हा. यंत्राची मर्यादा संपली आणि माणसाचं शरीर हीच मर्यादा उरली. ‘नॉटिलस’ पाण्यात उतरण्याआधीच अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांना हे कळलेलं दिसतं. १९५३ साली त्यांनी ‘हॅडॉक’ नावाची जुनी पाणबुडी धक्क्याला बांधून आत वीसेक माणसं ४२ दिवस बंद ठेवली. या प्रयोगाला ‘ऑपरेशन हाइडआउट’ असं नाव होतं. आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मुद्दाम दीड टक्का राखलं होतं. बाहेरच्या हवेत ते तेव्हा एका टक्क्याच्या सुमारे तेहतिसाव्या भागाइतकं होतं. कार्ल शेफर या जर्मनीहून आलेल्या शरीरशास्त्रज्ञाने त्या माणसांचा श्वास, रक्त, लघवी, झोप सगळं मोजलं. शरीर सवय करून घेतं, पण त्यासाठी रक्तातली आम्लता सावरण्याचं काम त्याला सतत करावं लागतं, असं दिसून आलं.

आजची अणुपाणबुडी पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन बनवते आणि कार्बन डायऑक्साइड एका अमाइन द्रावणात शोषून घेते. त्या द्रावणाचा वास कपड्यांत इतका मुरतो, की माणूस घरी आला की बायको आधी त्याची बॅग घराबाहेर ठेवते, असं पाणबुडीवाल्यांच्या आठवणींत वारंवार येतं. तरीही आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा काही पट जास्तच राहतो. ऊन नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या फेरीत रक्तातलं ‘ड’ जीवनसत्त्व उतरतं. अमेरिकी पाणबुड्यांवर कितीतरी वर्षं दिवस अठरा तासांचा होता : सहा तास पहारा, बारा तास इतर कामं आणि झोप. शरीराचं घड्याळ चोवीस तासांचंच राहतं. अठराच्या चक्राशी ते जुळत नाही. चोवीस तासांचा दिवस तिथे गेल्या दशकात परत आला. धूम्रपानावर बंदी तर २०१० सालाच्या अखेरीस आली. बंद डब्यात शंभरावर माणसं, आणि पन्नासहून अधिक वर्षं त्यांत सिगारेट चालू होती!

किरणोत्साराचं काय, असं वाचक विचारतील. इथे एक अनपेक्षित गोष्ट आहे. सगळं नीट चाललं असेल तर अणुभट्टीपासून दूर काम करणाऱ्या खलाशाला समुद्राखाली मिळणारी मात्रा जमिनीवरच्या माणसापेक्षा कमीसुद्धा असू शकते, कारण अंतराळातून येणारे किरण पाणी अडवतं आणि जमिनीतून येणारा रेडॉन वायू तिथे पोचत नाही. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवरच्या सुमारे ७६,००० खलाशांच्या मृत्यूंचा अभ्यास १९९०च्या दशकात प्रसिद्ध झाला. त्यात किरणोत्सारामुळे मृत्यू वाढल्याचं आढळलं नाही. ही सगळं नीट चाललेल्या बोटींची हकिगत. श्वेतसमुद्राच्या काठावर काय घडलं, ते आता पाहू.

घाईत बांधलेली बोट

सोव्हिएत संघाची पहिली अणुपाणबुडी ‘के-३’ ४ जुलै १९५८ रोजी अणुशक्तीवर चालली. अमेरिका साडेतीन वर्षं पुढे होती, आणि त्या साडेतीन वर्षांची भरपाई करायची घाई उत्तरेकडच्या सेवेरोद्विन्स्क या बंद शहरातल्या गोदीवर येऊन पडली. शीतयुद्ध संपेपर्यंत सोव्हिएत संघाने अडीचशेच्या आसपास अणुपाणबुड्या बांधल्या. जगात दुसऱ्या कुणी इतक्या बांधल्या नाहीत.

‘के-१९’ ही त्यांची अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं वाहणारी पहिली अणुपाणबुडी. तिचं बांधकाम १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. समुद्रात जाण्याआधीच तिने माणसं घेतली. बांधकाम चालू असताना आग लागून कामगार गेले. पाण्याच्या टाकीला आतून रबराचं अस्तर चिकटवणाऱ्या सहा स्त्रिया डिंकाच्या वाफेने गुदमरून मेल्या, असं नंतरच्या वृत्तांतांत येतं. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच डोळ्यांसमोर दिसतं. बंद टाकी, सॉल्व्हंट, वारा खेळायला जागा नाही. अणूचा तिथे काही संबंध नव्हता. ही जगातल्या कुठल्याही टाकीतली दुर्घटना आहे, आणि आपल्याकडे सेप्टिक टँकमध्ये ती दर वर्षी होते.

४ जुलै १९६१. ‘के-३’च्या त्या दिवसाला बरोबर तीन वर्षं झाली होती. उत्तर अटलांटिकमध्ये सराव चालू होता, बोटीवर १३९ माणसं होती. पहाटे एका अणुभट्टीच्या प्राथमिक मंडलातला दाब एकदम शून्यावर आला. प्राथमिक मंडल म्हणजे भट्टीची उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचा बंद फेरा. तो फुटला होता. नियंत्रक कांड्या खाली पडल्या, विखंडन थांबलं. पण अणुभट्टीची अडचण अशी, की ती बंद केल्यावरही आतले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात. पाणी नसेल तर इंधन वितळू लागतं. अशा वेळी गार पाणी सोडायची पर्यायी व्यवस्था बोटीवर बसवलेलीच नव्हती. दूरवर संदेश पाठवण्याचा अँटेनाही नादुरुस्त होता.

फेरा फुटला का? एक कारण सांगितलं जातं ते असं : बांधकामाच्या वेळी वेल्डिंग करताना खालच्या पाइपावर ॲस्बेस्टॉसचं कापड टाकायला हवं होतं. ते टाकलं नाही. वितळलेल्या धातूचा थेंब पाइपावर पडला आणि त्या जागी बारीक चीर राहिली. हे वाचताना मी थांबलो होतो. जे कापड वापरून माझा अण्णा मेला, तेच न वापरल्यामुळे ही माणसं मेली.

कप्तान निकोलाय झातेयेव्ह पस्तिशीचा होता. अभियंत्यांनी उपाय सुचवला : भट्टीच्या हवा काढायच्या नळीची झडप कापायची, तिथे पाइप वेल्ड करायचा आणि बोटीवरचं गोडं पाणी थेट भट्टीत सोडायचं. हे काम भट्टीच्या खोलीत शिरून करायचं होतं. अंगावर रेनकोट आणि तोंडाला गॅस मास्क, इतकंच होतं. किरणोत्सार अडवायला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. माणसं पाळीपाळीने, काही मिनिटांसाठी आत जात होती. पहिल्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट बोरिस कोर्चिलोव्ह याने केलं. तो विशीतला होता, नुकताच शिकून बोटीवर आलेला. बाहेर आलेली माणसं लगेच ओकू लागली. काही तासांत त्यांचे चेहरे सुजले, त्वचा लाल झाली. पाइप जोडला गेला, भट्टी निवली. पण त्या मधल्या वेळात किरणोत्सारी वाफ हवा खेळवणाऱ्या नळ्यांमधून साऱ्या बोटीभर पसरली होती.

झातेयेव्हने बोट दक्षिणेकडे वळवली, जिथे आपल्या डिझेल पाणबुड्या सरावात असतील असा त्याचा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला. ‘एस-२७०’ ही बोट आधी पोचली, मग दुसरी. माणसं उतरवली गेली. बंडाच्या भीतीने त्याने त्याआधीच बहुतेक बंदुका समुद्रात टाकल्या होत्या. कोर्चिलोव्ह सहा दिवसांनी, १० जुलैला गेला. तीन आठवड्यांच्या आत आठ जण गेले.

माणसाला मारायला चार-पाच सिव्हर्टची मात्रा पुरते. अस्थिमज्जा आधी जाते, म्हणून रक्तपेशी बनायच्या थांबतात. त्याहून अधिक मात्रेत आतड्याचं अस्तर जातं. त्या आठांना याच्या कितीतरी पट मात्रा मिळाली होती, आणि १९६१ च्या वैद्यकशास्त्राकडे त्यांच्यासाठी काहीही नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळं निदान लिहून फरक पडला नसता. फरक पडला तो उरलेल्यांना. शंभरावर माणसं कमीअधिक मात्रा अंगावर घेऊन परतली होती. त्यांच्याकडून मौनाच्या कागदावर सह्या घेतल्या गेल्या. कुटुंबांना खरं सांगितलं गेलं नाही. आणि त्यांच्या कागदावर लिहिलं गेलं : मज्जासंस्थेचा थकवा. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्यांतल्या कुणाला रक्ताचा आजार झाला, तर तो कशामुळे हे सांगणारा एकही कागद त्याच्याजवळ असणार नव्हता. नवा डॉक्टर चुकीच्या दिशेने शोध घेणार, पेन्शनचा अर्ज चुकीच्या खात्यात जाणार.

हे लिहिणारे डॉक्टर राक्षस होते असं मला वाटत नाही. त्यांना वरून हुकूम होता. माझ्यावर तर हुकूमही नव्हता.

हकिगत सोव्हिएत वृत्तपत्रात आली ती १९९० साली. तोवर बोट दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात गेली होती, १९७२ मध्ये तिच्यावर आग लागून २८ जण मेले होते, आणि खलाशांनी तिचं नाव ‘हिरोशिमा’ पाडलं होतं. झातेयेव्ह १९९८ मध्ये वारला.

सोन्याची अंगठी

सोव्हिएत नौदलाचा आणखी एक अपघात थोडक्यात सांगतो. १० ऑगस्ट १९८५ रोजी व्लादिवोस्तोकजवळ चाझ्मा उपसागरातल्या दुरुस्ती तळावर ‘के-४३१’ या पाणबुडीत नवं इंधन भरण्याचं काम चालू होतं. भट्टीचं झाकण नीट बसेना, म्हणून क्रेनने ते पुन्हा उचललं. झाकणाबरोबर नियंत्रक कांड्याही वर आल्या, साखळी प्रक्रिया सुरू झाली आणि स्फोटात झाकण उडालं. जागेवरच दहा जण ठार झाले. आग विझवायला आणि सफाईला धावलेल्या अनेकांना मात्रा बसली.

स्फोटाच्या क्षणी किरणोत्सार किती होता हे सांगणारं मापक तिथे नव्हतं. नंतर मृतांपैकी एकाची सोन्याची अंगठी सापडली. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने सोनं स्वतः किरणोत्सारी होतं आणि त्यावरून माऱ्याचा अंदाज बांधता येतो. रशियन वृत्तांतांत तो अंदाज ताशी सुमारे ९०,००० राँटगेन असा दिलेला असतो. आपल्याकडे एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशाला एक छोटा बिल्ला लावलेला असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. तसा बिल्ला काय काम करतो हे मला त्या अंगठीने समजावलं. बायकोने कधीतरी बोटात घातलेल्या अंगठीवर हिशेब करायची वेळ येऊ नये, म्हणून तो असतो.

पोर्ट्समथचे मृत्युदाखले

आता दुसरी बाजू. अमेरिकेत बिल्ले होते. रिकव्हरच्या खात्यात प्रत्येक माणसाची मात्रा मोजली जाई, लिहिली जाई आणि जपून ठेवली जाई. मग तिथे प्रश्नच उरला नाही का? न्यू हॅम्पशरच्या सीमेवर, मेन राज्यातल्या किटरी इथे पोर्ट्समथ नौदल गोदी आहे. तिथे अणुपाणबुड्या बांधल्या आणि दुरुस्त केल्या जात. एप्रिल १९६३ मध्ये १२९ माणसांसह बुडालेली ‘थ्रेशर’ तिथेच बांधलेली होती.

१९७७ च्या सुमारास बॉस्टनमधल्या एका सरकारी रुग्णालयात थॉमस नजारियन या तरुण डॉक्टरसमोर रक्ताच्या कर्करोगाचा एक रुग्ण आला. तो पोर्ट्समथमध्ये अणुपाणबुड्यांवर वेल्डर होता. बोलता बोलता तो म्हणाला, की माझ्याबरोबरचे बरेच जण तरुणपणीच गेले. असं वाक्य कारखान्यातल्या डॉक्टरने आयुष्यात पाच-पन्नास वेळा ऐकलेलं असतं आणि सोडून दिलेलं असतं. नजारियनने सोडलं नाही. त्याने नौदलाकडे नोंदी मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत. मग ‘बॉस्टन ग्लोब’च्या वार्ताहरांच्या मदतीने त्याने गोदीच्या माजी कामगारांचे सतराशेवर मृत्युदाखले जमवले आणि घरोघर फोन करून विचारलं : तुमचे वडील, तुमचे पती अणुकामावर होते का, बिल्ला लावायचे का? संख्याशास्त्रज्ञ थिओडोर कोल्टन यांच्याबरोबर लिहिलेला त्याचा निबंध मे १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अणुकामगारांत रक्ताच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या पाच पटींहून अधिक आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. अपेक्षा साधारण एकाची, प्रत्यक्षात सहा.

अमेरिकेत खळबळ उडाली. संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. सरकारच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेला नौदलाने मात्रांच्या खऱ्या नोंदी दिल्या. संस्थेने १९५२ ते १९७७ या काळातल्या २४,००० हून अधिक कामगारांचा पाठपुरावा केला, ज्यांत मात्रा मिळालेले साडेसात हजारांच्या वर होते. १९८१ मध्ये निकाल आला : रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं नाही.

नजारियनची चूक कुठे झाली होती? ज्या घरात कर्करोगाने मृत्यू झाला, ते घर वार्ताहराचा फोन आल्यावर बोलायला अधिक उत्सुक असतं आणि बिल्लाही अधिक आठवतं. मृत्युदाखल्यांवरून मेलेले कळतात. जिवंत किती आहेत हे कळत नाही, त्यामुळे प्रमाण काढता येत नाही. चूक खरी होती. पण खऱ्या नोंदी कुलपातून बाहेर आल्या त्या या चुकीच्या निबंधामुळे, हेही तितकंच खरं आहे. आणि पुढे, अधिक काळ उलटल्यावर, २००५ च्या सुमारास त्याच संस्थेने मोठ्या गटाचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा मात्रा आणि रक्ताचा कर्करोग यांत संबंध दिसला. सॉल्व्हंटशी काम करण्याचाही संबंध दिसला. म्हणजे वेल्डरचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. नजारियनने दाखवला होता त्यापेक्षा धोका पुष्कळ लहान होता, पण शून्य नव्हता. इतका लहान धोका दिसायला हजारो माणसांच्या, चाळीस-पन्नास वर्षांच्या, खऱ्या नोंदी लागतात. सेवेरोद्विन्स्कमध्ये त्या शोधायला कुणी गेलं असतं, तर त्याच्या हाती मज्जासंस्थेचा थकवा लागला असता.

जे कुणी मोजत नव्हतं

१९९१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा अमेरिकेतल्या आठ गोद्यांवरचा मोठा अभ्यास पूर्ण झाला. सत्तर हजारांहून अधिक कामगार त्यात तपासले गेले. अणुकामगार इतर लोकांपेक्षा कमी मेले, असं त्यात दिसलं. याला आम्ही ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतो : मुळात धडधाकट माणूसच अशा कामावर घेतला जातो आणि दर वर्षी तपासला जातो, म्हणून सर्वसाधारण जनतेशी त्याची तुलना फसवी ठरते. अण्णालाही मी वीस वर्षं दर वर्षी तपासत होतो.

पण एक आजार त्या गोद्यांमध्ये सगळीकडे जास्त निघाला, अणुकाम केलेल्यांत आणि न केलेल्यांतही. मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग जवळजवळ ॲस्बेस्टॉसचीच सही असतो, आणि धूळ आत गेल्यापासून तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. पाणबुडीतले वाफेचे पाइप, टर्बाइन, झडपा या सगळ्यांना लॅगिंग असे. दुरुस्तीला बोट आली की अरुंद जागेत ते फोडायचं आणि नवं चढवायचं. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, सगळे त्याच धुळीत. छातीवर किरणोत्साराचा बिल्ला होता आणि त्याची नोंद दशांशापर्यंत ठेवली जात होती. नाकातून जाणारे तंतू वर्षानुवर्षं कुणी मोजले नाहीत. साऱ्या देशाला जी भीती वाटत होती, तिच्यासाठी वही होती. साध्या, रोजच्या, पांढऱ्या धुळीसाठी नव्हती.

आपल्याकडे

भारताची ‘अरिहंत’ २००९ मध्ये विशाखापट्टणमला पाण्यात उतरली, २०१३ मध्ये तिची अणुभट्टी सुरू झाली. भट्टीचा आराखडा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा, आणि यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांत पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याचं नाव आहे. ऊस आणि साखर यांच्यासाठी वसलेल्या गावाचा हात समुद्राखाली पोचला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. ज्यांनी हे केलं त्यांच्या आरोग्याच्या वह्या कशा असाव्यात, हा प्रश्न अभिमानाच्या आड येत नाही. तो त्यातच धरलेला आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. किरणोत्सारी पदार्थांचे विकार आणि ॲस्बेस्टॉसिस, दोन्ही त्या यादीत होते. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने कळवायचं, हे त्याचं कलम ८९ सांगत होतं. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यांत जे उशिराचं असेल तोवर जपावी. चाळीस हा आकडा कुठून आला, हे वर मेसोथेलिओमाबद्दल वाचलेल्यांच्या लक्षात येईल.

अण्णा १९९९ मध्ये वारला. २००६ मध्ये त्याचा मुलगा माझ्या घरी आला. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी त्याला वडिलांच्या जुन्या तपासण्या हव्या होत्या. कारखाना मधल्या काळात दुसऱ्या हाती गेला होता आणि जुनी रजिस्टरं रद्दीत गेली होती. मुलगा चहा हातात धरून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहून ठेवायचात ना? बाबा सांगायचे, साहेब वहीत लिहितात.”

मी डायरी काढली. ती नोंद त्याच्यासमोर वाचायचं धैर्य झालं नाही म्हणून त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. विडीबद्दल त्याने काही म्हटलं नाही. ‘कामास फिट’वर बोट ठेवून विचारलं, “म्हणजे तेव्हा ते बरे होते का?”

एक्स-रे मी १९८४ मध्ये पाहिला होता. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक जाळी होती. मला शंका आली होती. शंका लिहिली असती तर अण्णाचं काम बदललं असतं, व्यवस्थापनाला उत्तरं द्यावी लागली असती, आणि बॉयलर हाउसमधल्या आणखी सात-आठ जणांचे एक्स-रे काढावे लागले असते. मला कुणी अडवलं नव्हतं. कुणी अडवेल असं मीच धरून चाललो होतो. आणि अण्णाने विडी ओढायची, ही माझी सोय झाली होती.

“नव्हते,” मी म्हणालो. “मी चुकीचं लिहिलं.”

त्याच आठवड्यात मी त्याला एक पत्र लिहून दिलं. १९८४ च्या एक्स-रेमध्ये मला काय दिसलं होतं, मी काय लिहिलं आणि काय लिहायला हवं होतं, हे त्यात तारीख, नाव आणि सहीनिशी आहे. बावीस वर्षं उशिराच्या अशा कागदाला कितीसं वजन असणार, हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही. तो पत्राची घडी करून घेऊन गेला. पत्राची एक प्रत मी डायरीत, त्या ऑगस्टच्या पानावर लावून ठेवली आहे.